जोडावरचा टाका

सासूबाईंच्या मते चिमटी वाळक्या पाल्याच्या गोदामात नोकरीला होती, आणि खरं सांगायचं तर सासूबाई फारशा चुकत नव्हत्या. कॉलेजच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर एक लांबलचक खोली, खोलीत एकसष्ट लोखंडी कपाटं, कपाटांत फायली, फायलींत जाड पांढरे कागद, आणि प्रत्येक कागदावर एकेक फांदी. रद्दीत दाबून वाळवलेली, पानाफुलांसकट, दोऱ्याचे टाके घालून पक्की बसवलेली. खाली कोपऱ्यात लेबल: झाडाचं नाव, कूळ, कुठे मिळालं, कोणी तोडलं, कधी. याला म्हणायचं हर्बेरियम. वास डांबरगोळ्यांचा. त्या वासापायी चिमटी घरी आली की आधी कोपरापर्यंत हात धुवायची, मग कपडे बदलायची, मग पुन्हा हात धुवायची आणि मगच चार वर्षांच्या लेकीला जवळ घ्यायची. तोवर लेक कंटाळून आजीच्या मांडीवर जाऊन बसलेली असायची.

चिमटी हे काही तिचं खरं नाव नव्हे. शिकत असताना हातात सदान्‌कदा चिमटा, म्हणून वर्गाने ठेवलेलं. पण चिकटलं ते असं चिकटलं, की लग्न झालं, मूल झालं, तरी सुटलं नाही. नवरा त्याच वर्गातला, त्यामुळे घरीही तेच. लेकीला सगळे मुंगी म्हणत, कारण गोड दिसलं की ती तिथे हजर.

नोकरी हंगामी, सहा महिन्यांची. काम असं की एकसष्ट कपाटांतली सगळी झाडं जुन्या क्रमातून उचलायची आणि नव्या क्रमात लावायची. जुना क्रम दिसण्यावरून ठरलेला. बी रुजताना एकच दल वर आलं तर एकदल, दोन आली तर द्विदल. मग द्विदलांत पाकळ्या सुट्या, की जोडलेल्या, की मुळीच नाहीत. नव्या बाळाला बघायला आलेल्या बायका नाक कोणाचं, हनुवटी कोणाची यावरून निकाल देतात ना, तसंच. नवा क्रम मात्र रक्तावरून, म्हणजे जनुकांवरून. आणि रक्त तपासायला घेतलं की घराण्याघराण्यांतून काय काय बाहेर पडतं ते वेगळं सांगायला नको. कांदा-लसूण इतकी वर्षं लिलीच्या कुळात सुखाने नांदत होते, त्यांना बिऱ्हाड हलवावं लागलं. कमळ आणि वॉटर लिली एकाच पाण्यात वाढलेल्या, जुळ्या वाटाव्यात अशा, पण एकमेकींच्या कोणीच लागत नाहीत असं निघालं. सोनचाफा, सीताफळ, मिरी ही मंडळी द्विदलांत मानाने बसली होती. त्यांना सांगण्यात आलं, की उठा, तुमची शाखा आधीच फुटली, तुम्ही खरे द्विदल नव्हेच. खरा द्विदल कोण, तर ज्याच्या परागकणाला तीन खाचा असतात तो. एकच खाच असली तर त्याने पलीकडच्या कपाटात जावं.

चिमटीला हे काम जीव की प्राण होतं. मुळातच ती धास्तावलेली बाई. दूध उकळलं का, खिडकीची कडी लागली का, मुंगीने बटण तर गिळलं नाही ना, असं दिवसभर मनात. रोज अकरा वाजता घरी फोन करून विचारायची, "आई, मुंगीने काय खाल्लं?" आणि सासूबाई रोज तेच उत्तर द्यायच्या, "माझं डोकं." पण या खोलीत आलं की तिचा जीव थाऱ्यावर यायचा. इथली पानं पळत नव्हती, पडत नव्हती, काही गिळत नव्हती. या महिनाअखेरीस समिती बसणार होती आणि तिला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. तिला कायम व्हायचं होतं. इतकं, की रात्री लेकीला थोपटताना ती मनातल्या मनात कुळांची नावं क्रमाने म्हणायची.

विभागाचे प्रमुख म्हणजे परागसर. जगातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर परागकणांत आहे अशी त्यांची श्रद्धा. कपाटांची देखभाल आणि कागदांवर टाके घालणं हे दोराकाकांकडे. तेहतीस वर्षं ते खिडकीशी बसून सुईदोऱ्याने झाडं शिवत होते. त्यांची गाठ मोहरीएवढी बारीक, आणि कायम फांदीच्या डाव्या अंगाला. बोलणं त्याहूनही बारीक.

या खोलीचा नियम एकच, आणि तो पहिल्या दिवशी दोराकाकांनीच तिला सांगितला होता. "इथे काही फाडायचं नाही, काही खोडायचं नाही. आधीच्याचं चुकलं असं वाटलं, तर आपलं मत वेगळ्या चिठ्ठीवर लिहायचं, खाली सही-तारीख टाकायची आणि चिठ्ठी शेजारी चिकटवायची. चूकही राहते, दुरुस्तीही राहते." त्यामुळे काही कागदांवर चार-चार चिठ्ठ्या. पहिला म्हणतो हे झाड अमक्या कुळातलं. दुसरा वीस वर्षांनी म्हणतो, छे. तिसरा म्हणतो, पहिल्याचंच बरोबर. चौथा दोघांना वेड्यात काढतो. कागदावर वारलेल्या माणसांची भांडणं चालू, आणि मधे ती बिचारी फांदी.

साठ कपाटं लावून झाली तेव्हा महिनाअखेर नऊ दिवसांवर आली होती. एकसष्टाव्या कपाटावर जुनी पाटी होती: 'स्थान अनिश्चित'. ज्यांचं कूळ कोणालाच लावता आलं नाही अशी झाडं तिथे. चिमटीने तिसऱ्या खणातली फाईल उघडली आणि वरचाच कागद उजेडाकडे धरला.

कागदावरचं अक्षर तिचं होतं.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. शेवटच्या वर्षाला दोघादोघांच्या जोडीने पन्नास झाडं गोळा करून, वाळवून, कागदावर बसवून द्यायची होती. तिचा जोडीदार एक उंच, निवांत मुलगा, ज्याला घाई म्हणजे काय हे ठाऊकच नव्हतं. एकोणपन्नास झाली. पन्नासावं होईना. दुसऱ्या दिवशी दहा वाजता कागद मांडायचे होते आणि रद्दीत दोनच गोष्टी उरलेल्या होत्या: गवती चहाची वाळलेली काडी, पानांसकट, आणि कॉलेजच्या गेटावरच्या सदाफुलीची दोन वाळून तपकिरी झालेली फुलं. गवती चहा पक्का एकदल, पानावर समांतर शिरा. सदाफुली पक्की द्विदल, पाच पाकळ्या. उंच मुलगा म्हणाला, "लग्न लावून देऊ या यांचं." तिने हसत हसत फुलांचा देठ चहाच्या पानाच्या बेचक्यात खोचला, त्याने डिंकाचा थेंब सोडला, तिने बरोब्बर जोडावर टाका घातला. लेबलवर लिहिलं: 'टेकडीमागे, ओढ्याकाठी, सावलीत.' तपासणारा पकडेल, आपण हसू, असं ठरलं होतं. कोणी पकडलंच नाही; कूळ लागेना म्हणून कागद या कपाटात येऊन पडला असणार. त्या हसण्यातून पुढे लग्न मात्र झालं.

चिमटी कागद फाईलच्या तळाशी सारणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय गं, काय लपवतेस?"

परागसर. पायात रबरी चपला, त्यामुळे ते कधी येतात कळायचं नाही.

"काही नाही सर. एक जुनंच..."

सरांनी कागद घेतला. भिंग लावलं. भिंग काढलं. पुन्हा लावलं.

"समांतर शिरा," ते म्हणाले. भिंग फुलावर सरकवलं. मग एकदम, "पाच पाकळ्या!"

"सर, ते कदाचित..."

"थांब! बोलू नकोस!"

त्याच क्षणी बोलायला हवं होतं, हे तिला पुढचे आठ दिवस रोज कळत राहिलं. पण सर कागद दोन्ही हातांत धरून, तान्हं मूल न्यावं तसे, निघून गेले होते. तासाभराने त्यांच्या खोलीतून हाक आली. मायक्रोस्कोपखाली परागकण होता. गोल, ठसठशीत.

"मोज खाचा."

तिने मोजल्या. मोजायला काय, तीनच होत्या. सदाफुलीला तीनच असतात.

"तीन!" सर खुर्चीतून उठले. "म्हणजे खरा द्विदल. आणि पान एकदलासारखं. आता म्हणशील, समांतर शिरांचे द्विदल असतात थोडेफार. असतात! पण हे असलं पान? गवतासारखं? हे झाड एकदल-द्विदल अशा फांद्या फुटल्या त्या जागेवरचं आहे, पोरी. आणि ते तुला सापडलंय. आठ वर्षं आमच्या उशाशी पडून होतं. मी समितीला सांगणार आहे, की असली नजर हंगामी ठेवायची असते का?"

झालं. ज्या लबाडीपायी नोकरी जायला हवी होती, तिच्यापायीच ती पक्की व्हायला निघाली होती.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो आधी गंभीरपणे ऐकत होता, मग त्याचे खांदे हलायला लागले, आणि शेवटी तो उशीत तोंड खुपसून हसला.

"हसतोस काय? लेबलवर तुझंही नाव आहे!"

"म्हणूनच तर! आयुष्यात पहिल्यांदा शास्त्रज्ञ झालो."

"मी उद्या सांगून टाकते."

"आणि नोकरी?"

तिने उशी त्याच्या हातातून ओढून घेतली. मग तोच म्हणाला, "हे बघ, सर काही दुधखुळे नाहीत. पानाचा तुकडा जनुकं तपासायला पाठवतीलच. तिकडून येईल उत्तर, की बाबांनो, हा गवती चहा आहे. त्यांचं त्यांनाच कळेल. तू कशाला हात दाखवून अवलक्षण करतेस?"

हे तिला पटलं. आपल्याला हवं तेच कोणी सांगितलं की पटायला वेळ लागत नाही.

सरांनी खरोखरच तुकडा पाठवला. पण रिपोर्ट येईस्तोवर स्वस्थ बसणं त्यांच्या पत्रिकेत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पिशवी, फावडं आणि पाण्याची बाटली घेऊन हजर. "चल, ओढा दाखव."

टेकडी होती. ओढाही होता, सुदैवाने. चिमटी पुढे, सर मागे. तिने आयुष्यात पहिल्यांदाच बघितलेल्या ओढ्याकडे बोट करून सांगितलं, "इथेच कुठेतरी." सरांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उतरले. दोन तास. मधेच म्हणायचे, "तू तिकडून बघ, तुझी नजर चांगली." ती तिकडून बघायची. नसलेलं झाड शोधायचं म्हणजे काय कष्ट असतात ते तिला त्या दिवशी कळलं, कारण शोधल्यासारखं दिसावंही लागतं. मधेच तिला अकरा वाजल्याची आठवण झाली, तिने फोन लावला, तर सासूबाई म्हणाल्या, "डोकं खाऊन झालं, आता आजोबांचा चष्मा खातेय." सर पाण्यातून ओरडले, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही सर, मुलगी." तर सर म्हणाले, "अगं, माझ्या पायाला काहीतरी चिकटलंय."

जळू होती. तिने ती काढली. चिमट्याने.

सातव्या दिवशी रिपोर्ट आला. चिमटी जिन्यातच थांबून राहिली. आता सर खोलीबाहेर येतील, चेहरा पडलेला असेल, म्हणतील, अगं हा तर गवती चहा. मग आपण म्हणायचं, अय्या, हो का? कसं झालं असेल हो? ती वाक्यं तिने दोनदा घोकली.

सर बाहेर आले ते जवळजवळ नाचत.

"गवताचं कूळ! गवती चहाच्या अगदी जवळचं! जनुकं म्हणतात शंभर टक्के एकदल, पराग म्हणतो शंभर टक्के द्विदल! असं झाड पृथ्वीवर नाही!"

हे मात्र खरं होतं. असं झाड पृथ्वीवर नव्हतंच.

"सर, फुलाचाही एक तुकडा पाठवला तर?"

"दोनच फुलं आहेत, वेडे. ती कुस्करायची? नंतर बघू. शुक्रवारी मी लेख पाठवतोय. आणि ऐक, नावाचं मी ठरवलंय." सरांचा आवाज मऊ झाला. "ज्यांनी शोधलं ते तुम्ही दोघं नवराबायको. तुमची मुलगी आहे ना लहान? तिचं नाव देतो झाडाला. लॅटिन शेपूट लावून. एकदा छापलं की ते नाव जगाच्या यादीतून कोणाला काढता येत नाही. झाड चुकीचं ठरलं तरी नाव राहतंच, 'हे चुकीचं' असं शेजारी लिहून. कायमचं!"

चिमटीने हसण्याचा प्रयत्न केला. हलायला लागलेल्या दुधाच्या दातासारखं तिचं हसू ओठांत डुगडुगलं.

'हे चुकीचं.' मुंगीच्या नावाशेजारी. कायमचं.

ती घरी पोचली तेव्हा हात धुवायचंही विसरली, कारण दारातच सासूबाई उभ्या होत्या, कमरेवर हात ठेवून, हसू दाबत.

"ये, बघ तुझ्या लेकीचे प्रताप."

खिडकीतल्या मनीप्लँटला फुलं आली होती. तांबडी, पिवळी, एक निळं. शेजारच्या काकूंच्या कुंडीतली सगळी फुलं तोडून मुंगीने एकेका पानाच्या देठाशी डिंकाने चिकटवली होती. डिंक पानांवरून ओघळून फरशीवर, फरशीवरून चटईवर, आणि चटईवरून मुंगीच्या केसांत गेला होता.

"हे कोणी केलं?" चिमटीने विचारलं.

मुंगीने आईच्या डोळ्यांत डोळे घालून सांगितलं, "झाडानंच केलं."

"खरं सांग. मी रागावणार नाही."

"झाडानंच. मी फक्त बघत होते."

नवरा तेवढ्यात चहाचा कप घेऊन आला होता. त्याला असा ठसका लागला की सासूबाईंनी त्याची पाठ चोळली. "अगदी आईवर गेलीय हो," त्या कौतुकाने म्हणाल्या. "हिची पण बोटं अशीच चालतात."

सासूबाईंना काहीच ठाऊक नव्हतं, पण वाक्य बरोबर जागी लागलं. चिमटीने लेकीला उचलून न्हाणीघरात नेलं आणि कोमट पाण्याने केसांतला डिंक सोडवत बसली. "खरं सांगितलं तर मी कधीच रागावत नाही, हो ना?" ती म्हणाली. मुंगीने थोडा विचार केला. "रागावतेस," ती म्हणाली. "पण थोडंच." मग डोळ्यांत साबण जाऊ नये म्हणून तिने डोळे घट्ट मिटले.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. चिमटी लवकर आली. दोराकाका खिडकीशी बसलेले, आणि त्यांच्या पुढ्यात तोच कागद. फोटो काढायचा म्हणून सरांनी सैल टाके आवळायला दिला होता.

काकांनी वर न बघता विचारलं, "जोडावर टाका कोण घालतं गं?"

तिने पिशवी खाली ठेवली.

"टाका घालायचा खोडाच्या जाड भागावर," काका सुई ओवत म्हणाले. "तिथे दोरा धरतो. बेचक्यात टाका घालणारा माणूस काहीतरी झाकत असतो. तिथेच डिंकाची चकाकी पण आहे. मला पहिल्याच दिवशी दिसली."

"पहिल्या दिवशी? म्हणजे आठ वर्षांपूर्वी?"

"हो."

"मग सांगितलं का नाही हो, काका?"

"मला कोणी विचारलं?" काकांनी दोरा दाताने तोडला. "माझं काम टाके घालायचं. अकलेचं काम वरच्यांचं."

"मग आता मी काय करू?"

काकांनी टेबलाचा खण ओढला, कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला आणि वरची एक तिच्याकडे सरकवली. "इथली रीत तुला ठाऊक आहे," ते म्हणाले, आणि पुन्हा आपल्या सुईकडे वळले.

चिमटीने पेन काढलं. तीन ओळींना तिला पाऊण तास लागला. शेवटी असं लिहिलं:

'पान: गवती चहा. कूळ गवताचं. एकदल.
फूल: सदाफुली, कॉलेजच्या गेटावरची. खरी द्विदल.
जोड: माझा.'

खाली सही आणि तारीख. नवऱ्याचं नाव लिहावं का असा एक क्षण मोह झाला, पण डिंकाचा थेंब त्याचा असला तरी टाका तिचा होता. तिने चिठ्ठी लेबलशेजारी चिकटवली, कडा बोटाने दाबल्या, आणि कागद सरांच्या टेबलावर, त्यांच्या भिंगाखाली ठेवून आली. मग परत येऊन एकसष्टाव्या कपाटासमोर उभी राहिली. बसावंसं वाटेना.

सर साडेदहाला आले. दहा मिनिटं गेली. मग हाक आली, पण तिला नव्हे.

"दोराकाका, कात्री घेऊन या."

ती काकांच्या मागोमाग गेली. सर खिडकीकडे तोंड करून उभे होते. "तो टाका काढा," ते म्हणाले. काकांनी कात्रीचं टोक घातलं. दोरा सुटला, आणि फुलाचा देठ आठ वर्षांचा संसार सोडून टेबलावर गळून पडला.

सरांनी तो तळहातावर घेतला. "गेटावरची?"

"हो सर."

"मी रोज तिथेच स्कूटर लावतो."

"हो सर."

"दोन तास मला ओढ्यात उभं केलंस."

"हो सर."

"जळू लागली होती मला."

"सर, ती मी काढली."

ही काही सांगायची वेळ नव्हती, पण तोंडातून निघून गेलं. सरांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा खरंच उतरला होता, आणि ते तिला जळवेपेक्षा जास्त लागलं. आठ दिवस हा माणूस पोरासारखा नाचत होता.

"या कागदाला मार्क किती दिले होते मी?"

"दहापैकी नऊ."

"एक कशाचा कापला होता?"

"लेबलवरचं अक्षर गिचमिड आहे म्हणून."

सर खुर्चीत बसले. बराच वेळ हातातल्या फुलाशी चाळा करत राहिले. नंतर कोरी चिठ्ठी ओढून त्यांनी एकच शब्द लिहिला, 'मान्य', खाली सही केली, तारीख घातली, आणि ती तिच्या चिठ्ठीशेजारी स्वतःच चिकटवली. चिकटवताना एक कोपरा तिरका गेला, तो त्यांनी सरळ केला नाही.

"शुक्रवारचा लेख रद्द," ते म्हणाले. "समितीला मी खरं ते सांगणार. जा आता, मला राग येऊ दे नीट."

ती गेली. त्या दिवशी तिने एकही फाईल उघडली नाही. अकराचा फोनही राहून गेला. पावणेबाराला सासूबाईंचाच आला. "आज विचारलं नाहीस? बरी आहेस ना?" चिमटी म्हणाली, "आई, बहुतेक माझी नोकरी गेली." सासूबाई म्हणाल्या, "गेली तर गेली. पाला कुठे पळून जातोय? जेवून घे."

समिती बसली. चिमटीला आत बोलावलं नाही, म्हणून ती जिन्यात बसून राहिली. सर बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात एकच कागद होता.

"कायम केलेलं नाही," ते म्हणाले.

तिने मान हलवली. ठाऊकच होतं.

"आणखी एक वर्ष हंगामी. त्यानंतर बघू. मी त्यांना एकच गोष्ट विचारली. त्या एकसष्टाव्या कपाटात तीनशे बारा कागद आहेत. त्यांतले किती खरे अनिश्चित आहेत आणि किती तुझ्यासारख्यांनी अनिश्चित केलेले, हे कोण शोधणार? चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक." जिन्याच्या दोन पायऱ्या उतरून ते थांबले. "आणि गेटावरची सदाफुली उपटायला सांगणार होतो. मग म्हटलं, असू दे. तिचा काय दोष?"

तिने घरी सांगितलं तेव्हा नवऱ्याने विचारलं, "माझं नाव आलं का कुठे?" ती म्हणाली, "लेबलवर आहेच की. चूक राहते आमच्याकडे." मुंगीने विचारलं, "आई, सर रागावले?" चिमटी म्हणाली, "रागावले. पण थोडेच." मनीप्लँटवरची निळी पाकळी तेवढी अजून चिकटून होती. ती काढायचं कोणालाच सुचलं नव्हतं.

सोमवारपासून चिमटीने एकसष्टावं कपाट पहिल्या खणापासून तपासायला घेतलं. भिंग लावायचं, टाके बघायचे, बेचकं बघायचं, डिंकाची चकाकी शोधायची. पहिले चाळीस कागद सरळ निघाले. बिचारी झाडं खरोखरच निराधार होती. एकेचाळिसावा बत्तीस वर्षांपूर्वीचा. पानं जाळीदार शिरांची, फळ मात्र कुठल्याशा पामचं वाटत होतं. शेजारी तीन विद्वानांच्या तीन चिठ्ठ्या, तिन्ही प्रश्नचिन्हांनी भरलेल्या. चिमटीने भिंग खाली आणलं.

टाका जोडावर होता. गाठ मोहरीएवढी बारीक. फांदीच्या डाव्या अंगाला.

तिने मान वर केली. खिडकीशी बसलेले दोराकाका एकाएकी बाहेरच्या आभाळात फार रस घ्यायला लागले होते.

"काका."

"हं."

"हा एकेचाळिसावा बघितलात का?"

"मला कोणी विचारलं?" काका आभाळाला म्हणाले.

"मी विचारतेय."

काकांचे कान लाल झाले. चिमटी उठली, त्यांच्या टेबलाचा खण ओढला, एक कोरी चिठ्ठी काढली आणि त्यांच्या पुढ्यात सरकवली. काकांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला.

"अक्षर माझं वाईट आहे," शेवटी ते म्हणाले. "तू लिही. मी सांगतो. पण आधी ते दार लोटून घे."